मोर्तब करणारा हात

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी आमच्या धुळ्यात मतमोजणीच्या आवाराबाहेर जो गुलाल उधळला जातो, जे ढोल वाजतात आणि ‘कोन निवडी उना, भो?’ असा जो एकच प्रश्न आग्रा रोडपासून देवपुरापर्यंत तोंडोतोंडी फिरत असतो, त्या साऱ्या गलबल्यात आतल्या बाजूस एका टेबलावर घडणाऱ्या लहानशा विधीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे बहुधा प्रांत किंवा त्याच दर्जाचा महसूल खात्यातील एखादा अंमलदार, निकाल जाहीर करून झाल्यावर ‘नमुना २२’ या नावाचा एक दाखला भरतो, त्यावर सही करतो, विजयी उमेदवाराच्या हाती तो देतो आणि त्याची पोच घेतो. शिक्षकाच्या नोकरीत निवडणुकीच्या कामावर वरचेवर जुंपला गेल्यामुळे एकदा हा विधी मला चार हातांवरून पाहता आला. उमेदवाराचे दोन्ही हात मनगटापर्यंत गुलालाने माखले होते. पोचेवर बोटांचे ठसे उमटतील या धास्तीने कारकुनाने आधी ओला रुमाल पुढे केला, मग सही कोठे करावयाची ती जागा पेन्सिलीने दाखवली, आणि सही होईपर्यंत कागद स्वतःच्या दोन बोटांखाली घट्ट दाबून धरला. बाहेर हार घेऊन पन्नास माणसे ताटकळत होती. परंतु ती पोच पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत वाचल्यावाचून तो गृहस्थ उमेदवाराला खुर्चीवरून उठू देईना. ती पोच रजिस्टर टपालाने तातडीने विधानसभेच्या सचिवांकडे रवाना झाली पाहिजे, असे १९६१ च्या निवडणूक नियमांतील ६६ वा नियम सांगतो, आणि त्या कारकुनाला तो नियम त्या दिवशीच्या विजयापेक्षा मोठा वाटत होता. मलाही आता तसेच वाटते.

या दाखल्याचे एक अंग सर्वांस परिचित आहे: तो ज्याच्या हाती पडला तो आमदार झाला. दुसरे अंग मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्याच कागदाने तो मनुष्य भारताच्या राष्ट्रपतीचा मतदारही झालेला असतो. राज्यघटनेच्या ५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांतील व राज्यांच्या विधानसभांतील निर्वाचित सदस्य करतात; नामनियुक्त सदस्यांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना तेथे स्थान नाही. या मतदारांच्या मताचे मोल ठरविण्याचा जो हिशेब ५५ व्या अनुच्छेदात दिलेला आहे तो चौथीच्या मुलासही करता येण्याजोगा आहे. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागावे, आलेल्या भागाकारास पुन्हा एक हजाराने भागावे, म्हणजे १७५ हा आकडा हाती लागतो. धुळे जिल्ह्यातील ५, जळगावातील ११ आणि नंदुरबारातील ४ असे खानदेशाचे २० आमदार धरले, तर राष्ट्रपतीच्या निवडणुकीत या तीन जिल्ह्यांच्या विधानसभा मतदारसंघांचे वजन ३,५०० भरते. उत्तर प्रदेशातील एका आमदाराचे मत २०८ चे, सिक्कीममधील आमदाराचे अवघ्या ७ चे. लोकसंख्येचा आकडा अजूनही १९७१ चाच का, असा प्रश्न येथे कोणी करील, आणि तो रास्तही आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तो गोठवून ठेवण्याचा निर्णय २००१ सालच्या ८४ व्या घटनादुरुस्तीने झालेला आहे. तो बर्फ वितळू लागेल तेव्हा उत्तर आणि दक्षिण यांच्यात जो वाद पेटेल त्याची चुणूक आत्ताच दिसू लागली असली, तरी तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

मला सांगावयाचे आहे ते या मोलाविषयी नसून त्या सहीविषयी आहे.

आपल्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण इतका सहज उच्चारतो, की त्यात शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे हे आपण विसरूनच गेलो आहोत. शिवकालीन व पेशवेकालीन अस्सल पत्रे ज्याने पाहिली आहेत, आणि राजवाडे संशोधन मंडळ ज्या गावात आहे त्या गावच्या माणसाने ती पाहिलेली नसावीत हे काही भूषणावह नव्हे, त्याला हा भेद तत्काळ ध्यानात येईल. शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटवावयाचा. तो सांगतो, ही आज्ञा कोणाची. मोर्तब पत्राच्या शेवटी, अखेरच्या अक्षराला चिकटून करावयाचे. ते सांगते, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर वाढविले तर ते बनावट समजावे. पहिल्यात सत्ता आहे, दुसऱ्यात मर्यादा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींच्या रसाळ कथांपेक्षा अस्सल कागदांना उभ्या जन्मभर अधिक मान दिला, त्याचे कारण हेच, की बखरकाराला आपल्या धन्याच्या प्रीतीने चार शब्द पदरचे घालण्याची मुभा असते आणि मोर्तब करणाऱ्याला ती नसते.

निवडणुकीनंतर निर्वाचकांना जो दाखला दिला जातो तो शिक्का आहे की मोर्तब आहे, या एका प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जगातील एका बलाढ्य लोकराज्याचा पाया हादरला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवड नागरिक थेट करीत नाहीत; प्रत्येक राज्यातून ठराविक संख्येने ‘निर्वाचक’ निवडले जातात, असे एकूण ५३८, आणि डिसेंबरातील दुसऱ्या बुधवारानंतर येणाऱ्या मंगळवारी ते आपापल्या राज्यात जमून मते देतात. (असल्या तिथ्या आमच्या पंचांगकर्त्यांनाच शोभाव्यात.) हे निर्वाचक कोण, याचा दाखला मात्र केंद्रातील कोणी आयोग देत नाही. परगण्यापरगण्यातील मतांची तपासणी तेथील मंडळे करतात, ती राज्याच्या मंडळाकडे जाते, आणि शेवटी राज्याचा गव्हर्नर निर्वाचकांची नावे व प्रत्येकास पडलेली मते एका पत्रावर नोंदवून त्यावर राज्याची मुद्रा उमटवितो. आपल्याकडचा राज्यपाल नेमलेला असतो. तेथील गव्हर्नर पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असतो. मंडळांतील सभासदही पुष्कळ ठिकाणी पक्षांनीच सुचविलेले असतात. म्हणजे ज्याने मोर्तब करावयाचे तोच सामन्यातील एका बाजूचा गडी!

याचे जे परिणाम व्हावयाचे ते झालेच. १८७६ च्या निवडणुकीत फ्लोरिडा, लुइझियाना व साउथ कॅरोलिना या तीन राज्यांतून एकाच पदासाठी दोन-दोन परस्परविरोधी दाखले वॉशिंग्टनला पोहोचले, ओरेगॉनमधील एका निर्वाचकाविषयीही तंटा उभा राहिला, आणि एकंदर २० मतांचा निकाल लावण्यासाठी १५ जणांचा खास आयोग बसवावा लागला. त्याने आठ विरुद्ध सात अशा मतांनी प्रत्येक वादग्रस्त मत एकाच उमेदवाराच्या पदरात टाकले आणि हेज हे टिल्डन यांच्यावर १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताच्या आधिक्याने राष्ट्राध्यक्ष झाले. त्या अनुभवातून १८८७ चा कायदा झाला, पण त्याची भाषा इतकी गुंतागुंतीची होती, की १३३ वर्षांनी तिच्यातूनच पळवाटा शोधल्या गेल्या. २०२० साली सात राज्यांत पराभूत पक्षाच्या मंडळींनी एकत्र जमून आपणच निर्वाचक असल्याची कागदपत्रे तयार केली आणि ती राजधानीस धाडली. त्यांपैकी कोणत्याही कागदावर त्या राज्याच्या गव्हर्नरचे मोर्तब नव्हते. पुढे ६ जानेवारी २०२१ रोजी संसद भवनावर जो जमाव चालून गेला त्याची दृश्ये साऱ्या जगाने पाहिली.

परंतु मला त्या जमावापेक्षा मिशिगन राज्यातील एका बैठकीची आठवण अधिक मोलाची वाटते. २३ नोव्हेंबर २०२० रोजी तेथील चौघांच्या मंडळापुढे राज्याचा निकाल मोर्तबासाठी आला होता. विजयी उमेदवाराचे आधिक्य दीड लाखाहून जास्त होते. तरीही मंडळातील दोन रिपब्लिकन सभासदांनी सही अडवावी यासाठी सर्व बाजूंनी दडपण येत होते. त्या दोघांपैकी एक तटस्थ राहिला. दुसरा, ॲरन व्हॅन लँगेवेल्ड नावाचा फारसा कोणास ठाऊक नसलेला वकील, याने आपले म्हणणे शांतपणे मांडले आणि मोर्तबाच्या बाजूने हात वर केला. त्याच्या म्हणण्याचे सार एवढेच होते, की कायद्याने या मंडळाला निकालाची चौकशी करण्याचा अखत्यार दिलेला नाही, आलेल्या मोजणीपत्रांवरून मोर्तब करणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि त्यात पसंती-नापसंतीला वाव नाही. मुदत संपल्यावर त्याच्या पक्षाने त्याचे नाव पुन्हा सुचविले नाही. वीरपुरुषांच्या ज्या कथा आपण मुलांना सांगतो त्यांतला वीर काहीतरी करून दाखवितो. या गृहस्थाचा पराक्रम असा, की जे करण्याचा त्याला अधिकार नव्हता ते त्याने केले नाही.

आमच्या धुळ्याला या गुणाची ओळख परदेशातून करून घेण्याचे कारण नाही. १९३२ साली येथील तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती जशीच्या तशी टिपून घेतली. साने गुरुजी स्वतः केवढे भावनाशील लेखक! शब्द त्यांच्या लेखणीतून पाझरत असत. असा लेखक दुसऱ्याचे बोलणे उतरवून घेताना स्वतःच्या प्रतिभेला दाराबाहेर उभी करतो, एका विशेषणाचीही भर घालीत नाही, आणि पुढे लाखो लोक ते पुस्तक वाचताना हे शब्द विनोबांचे की गुरुजींचे अशी शंका कोणाच्या मनातही आणीत नाहीत. लेखनिकाच्या धर्माचे याहून उत्तम उदाहरण मला माहीत नाही. मतदारांनी जे बोलून ठेवले ते उतरवून घेणारा अधिकारी हा असाच लेखनिक असला पाहिजे.

अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या कायद्यात जी सुधारणा केली ती नेमकी याच दिशेने गेली आहे. निर्वाचकांच्या सभेपूर्वी किमान सहा दिवस गव्हर्नरने, अथवा राज्याच्या कायद्याने आधीच नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने, दाखला दिलाच पाहिजे. न्यायालयाने त्यात फेरबदल केला नाही तर तो अखेरचा समजावा. संसदेत पाकिटे उघडणाऱ्या उपराष्ट्राध्यक्षाचे काम निव्वळ औपचारिक राहील. आणि हरकत घेण्यास दोन्ही सभागृहांतील एक पंचमांश सभासदांची संमती लागेल. त्यातच आणखी एक कलम असे आहे, की दाखल्यावर राज्याची मुद्रा असावी आणि बनावटगिरी ओळखू येईल अशी एखादी सुरक्षेची खूण असावी. ते वाचून मला राजवाड्यांच्या दप्तरांतील ते पिवळे कागद आठवले. आमच्या चिटणीसांनी जे तीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते ते शिकण्यास त्या देशाला एक दंगल सोसावी लागली.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या व्यवस्थेचा मोठा गुण हा, की नमुना २२ वर सही करणाऱ्याचा हात घटनाकारांनी व नियमकारांनी दोन्ही बाजूंनी बांधून ठेवला आहे. तो पक्षाचा माणूस नव्हे. निवडणुकीच्या काळापुरता तो आयोगाच्या ताब्यात दिलेला असतो. निकाल जाहीर होण्यापूर्वी उमेदवाराने फेरमोजणीचा लेखी अर्ज केला तर त्यावर विचार करून सकारण हुकूम देणे त्याला भाग आहे. परंतु एकदा निकाल जाहीर झाला, की दाखला न देण्याचा किंवा दिलेला परत घेण्याचा अधिकार त्याला नाही, जिल्हाधिकाऱ्याला नाही, मुख्यमंत्र्याला नाही, राज्यपालालाही नाही. ज्याला तो निकाल मान्य नसेल त्याने ४५ दिवसांच्या मुदतीत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघात डॉ. शोभा बच्छाव यांनी माजी संरक्षण राज्यमंत्री डॉ. सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला; सहा विधानसभा मतदारसंघांत पसरलेल्या या अवाढव्य क्षेत्राच्या मानाने हे आधिक्य म्हणजे ताटाच्या कडेला राहिलेले शीत. त्याच निवडणुकीत वायव्य मुंबईत रवींद्र वायकर अमोल कीर्तिकर यांच्यावर केवळ ४८ मतांनी विजयी झाले. तक्रारी झाल्या, आरोप झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरात याचिका फेटाळली गेली. दरम्यान दाखला कोणी अडवला नाही. फ्लोरिडात २००० साली ५३७ मतांच्या आधिक्यावर मोर्तब करणारी राज्याची अधिकारी स्वतः एका उमेदवाराच्या प्रचारसमितीत होती, हे आठवले म्हणजे आपल्या प्रांतसाहेबांच्या कोरड्या सहीचे मोल कळते.

इतकेच नव्हे, तर राष्ट्रपतीच्या मतदारयादीतील नाव हे त्या आमदाराच्या शपथेवरही अवलंबून ठेवलेले नाही. राज्यसभेच्या निवडणुकीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली असे स्पष्ट केले, की निवडून आलेला पण शपथ न घेतलेला सदस्यही उमेदवाराचे नाव सुचवू शकतो व मत देऊ शकतो. शपथ सभागृहात बसण्यासाठी आहे; निर्वाचक तो मतदारांमुळे झालेला असतो. निकालांनंतर निवडणूक आयोग सर्व विजयी सदस्यांची नावे राजपत्रात प्रसिद्ध करतो आणि तेथे विधानसभा गठित झाली असे कायदा मानतो. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राची मतमोजणी झाली (योगायोग असा, की तीही २३ नोव्हेंबरच), आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाच्या अधिकाऱ्यांनी राजपत्राची प्रत राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांच्या हाती दिली. जुन्या विधानसभेची मुदत २६ तारखेस संपत असल्यामुळे राष्ट्रपती राजवटीच्या ज्या वावड्या उठल्या होत्या, त्या या एका कागदाने खाली बसविल्या. मुख्यमंत्री कोण हे ठरण्यास आणखी दहा दिवस लागले ही गोष्ट वेगळी. निर्वाचक कोण हे ठरण्यास एक दिवस पुरला.

ही सुस्थिती आपल्याला आयती मिळालेली नाही, आणि ती मिळवून देण्यात एका विक्षिप्त मराठी माणसाचा, उलट्या मार्गाने का होईना, वाटा आहे. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे, मध्यप्रांताचे माजी मुख्य प्रधान, काँग्रेसशी भांडून बाहेर पडलेले आणि भांडण हाच ज्यांचा जणू प्राणवायू होता असे गृहस्थ, यांनी १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात अशी हरकत घेतली, की हिमाचल प्रदेश व पंजाब येथील काही मतदारसंघांत निवडणुका अद्याप व्हावयाच्या आहेत, तेव्हा निर्वाचकांचे मंडळ अपुरे आहे आणि अपुऱ्या मंडळाने राष्ट्रपती निवडता कामा नये. निवडणूक पुरी होण्याआधी अशा वादात न्यायालयाने शिरू नये, असे म्हणून ती याचिका फेटाळली गेली, डॉ. राजेंद्रप्रसाद दुसऱ्यांदा निवडून आल्यावर पुन्हा केलेला अर्जही कायद्याच्या चौकटीत बसला नाही. खरे हरले, पण त्यांनी बोट ठेवलेले छिद्र खरेच होते. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने ते बुजविण्यात आले: निर्वाचक मंडळात कोणत्याही कारणाने जागा रिकामी असली तरी तेवढ्यावरून राष्ट्रपतीच्या निवडणुकीस आव्हान देता येणार नाही.

त्या दुरुस्तीची कसोटी लागली ती खानदेशाच्या शेजारीच. १९७४ साली नवनिर्माण आंदोलनानंतर गुजरातची विधानसभा विसर्जित झालेली होती आणि राष्ट्रपतीची निवडणूक तोंडावर आली होती. एक अखंड राज्य वगळून देशाचा प्रमुख निवडावा काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मताकरिता पाठविण्यात आला, आणि मुदतीच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, विधानसभा विसर्जित असली तरी, असा कौल मिळाला. नवापूरचे रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की तेथील फलाट अर्धा महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. तेथे एक बाकडेच दोन राज्यांत विभागलेले आहे. फखरुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले त्या ऑगस्टात त्या बाकड्याच्या एका टोकाला बसणाऱ्याचा आमदार मत देत होता आणि दुसऱ्या टोकाला बसणाऱ्याला आमदारच नव्हता. हे न्याय्य होते काय? पूर्णपणे नव्हे. पण रिकाम्या जागांची सबब सांगून सर्वोच्च पदच रिकामे ठेवण्याची वाट एकदा मोकळी झाली, तर कोणत्या राज्याची विधानसभा केव्हा विसर्जित करावी याचे हिशेब राष्ट्रपतीची तारीख पाहून मांडले गेले असते. लहान अन्याय पत्करून मोठी दांडगाई टाळण्याचा तो व्यवहार मला तरी पसंत आहे.

आणि मग अर्थातच प्रतिभाताई. जळगाव जिल्ह्यातील नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली वयाच्या २७ व्या वर्षी जळगावातून विधानसभेवर गेल्या, पुढे एदलाबादेतून, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात, १९८५ पर्यंत सलग निवडून येत राहिल्या. म्हणजे राष्ट्रपती होण्याच्या कितीतरी आधी त्या राष्ट्रपतीच्या मतदार होत्या: १९६२, १९६७, १९६९, १९७४ आणि १९८२ या पाच मतदानांच्या वेळी आमदार या नात्याने त्यांचे नाव त्या यादीत होते; १९७७ साली नीलम संजीव रेड्डी बिनविरोध आल्याने मतदानाची वेळच आली नाही. यांतील १९६९ ची निवडणूक मराठी माणसाला विशेष लक्षात राहावी अशी, कारण व्ही. व्ही. गिरी आणि रेड्डी यांच्या झुंजीत चिंतामणराव देशमुख तिसरे होते आणि त्यांना पहिली पसंती देणाऱ्यांच्या दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली तेव्हा कोठे गिरी विजयी ठरले. २१ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतांनी भैरोसिंह शेखावत यांना मागे टाकून देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या त्या सायंकाळी जळगावात जे फटाके उडाले त्यांचा आवाज खानदेशात सर्वत्र पोहोचला. त्या मतांच्या राशीत नमुना २२ च्या बळावर आलेले शेकडो आमदार होते, आणि त्यांना पक्षादेश लागू नव्हता, कारण राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही. भाजपचा मित्र असूनही शिवसेनेने मराठी म्हणून ताईंना दिलेला पाठिंबा त्या मोकळिकीतूनच शक्य झाला.

एवढी प्रशस्ती केल्यावर वैगुण्यही सांगितले पाहिजे. सही करणारा हात आपण बांधला, हे उत्तम झाले. परंतु ज्या कागदांच्या आधारे तो सही करतो ते नागरिकापुढे उघडे ठेवण्याच्या बाबतीत आपले दप्तर कद्रूपणा करते. या साखळीची पहिली कडी ‘१७ सी’ हा नमुना. साक्री तालुक्यातील एका शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून बसलो असताना मी तो भरलेला आहे. मतदान संपल्यावर यंत्रावरील ‘क्लोज’चे बटण दाबावयाचे, पडद्यावर आलेली एकूण मते नोंदवहीतील मतदारांच्या संख्येशी ताडून पाहावयाची, जुळली म्हणजे नमुन्यावर लिहावयाची, सही करावयाची आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीस एकेक नक्कल द्यावयाची. त्या दिवशी सायंकाळी वीज गेलेली होती. कंदिलाच्या उजेडात आकडा जुळला तेव्हा आम्हा पाचही जणांनी सोडलेला सुस्कारा मला अजून ऐकू येतो. पण ज्या चार प्रतिनिधींना मी नकला दिल्या त्यांच्यापैकी एकाने माझ्या देखत त्या कागदात चार भजी गुंडाळली. मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

केंद्रनिहाय ‘१७ सी’ची आकडेवारी मतदानानंतर लगेच संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, अशी मागणी २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला, नियमांप्रमाणे ती नक्कल प्रतिनिधींनाच देय आहे, सर्वांना नाही, अशी आयोगाची भूमिका होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या मतदानाच्या टक्केवारीवरून शंकांचे वादळ उठले आणि आयोगाला लांबलचक खुलासे करावे लागले. डिसेंबरात केंद्र सरकारने ९३ वा नियम बदलून जनतेला पाहण्यास मिळणाऱ्या निवडणूक कागदपत्रांची व्याप्ती आखडली. कायद्याच्या अक्षराने हे सारे बरोबर असेल. पण ज्या आयोगाचा हिशेब चोख आहे त्याने तो दाखविण्यास का कचरावे? आमच्या गावातील किराणा दुकानदारही उधारीची वही मागितल्यावर पुढे करतो. शंका घेणाऱ्यांमध्ये पराभवाचे खापर फोडण्यास डोके शोधणारेही पुष्कळ असतात, हे मी जाणून आहे. त्यांचे तोंड बंद करण्याचा उपाय मात्र वही उघडणे हाच आहे. मतदान संपल्यापासून ४८ तासांच्या आत प्रत्येक केंद्राचा ‘१७ सी’ जिल्हा निवडणूक कार्यालयाने जाहीर करावा, यासाठी नियमात एका ओळीची दुरुस्ती पुरेशी आहे, आणि ती होईपर्यंत आयोगाने स्वतःहून तसे करण्यास कोणाची मनाई नाही.

विद्यमान राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. २०२२ सालच्या १८ जुलैला मतदान झाल्यावर राज्याराज्यांतून मतपेट्या दिल्लीस विमानाने नेण्यात आल्या. पेटी अधिकाऱ्याच्या शेजारच्या स्वतंत्र आसनावर ठेवलेली, आणि तिच्या तिकिटावर प्रवाशाचे नाव ‘मिस्टर बॅलट बॉक्स’. पुढच्या खेपेस मुंबईहून निघणाऱ्या त्या प्रवाशाच्या पोटात खानदेशाची ३,५०० मते असतील, आणि ती २३ नोव्हेंबर २०२४ रोजी २० टेबलांवर झालेल्या २० सह्यांतून आलेली असतील. त्या सह्या निकालपत्रकांवरून, म्हणजे ‘नमुना २०’वरून, आणि ती निकालपत्रके ज्यांच्याशी जुळली पाहिजेत ते आकडे तुमच्या-आमच्या गावच्या शाळांतील ‘१७ सी’त. तेव्हा पुढच्या निवडणुकीत मतदान प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना, पक्ष कोणताही असो, माझे एवढेच सांगणे: केंद्राध्यक्षाकडून ती नक्कल मागून घ्या, त्यावर त्याची सही आहे ना ते पाहा, आणि तुमच्या केंद्राचा आकडा नमुना २० शी ताडून होईपर्यंत तिच्यात भजी गुंडाळू नका.